स्फोटाच्या आधीचं

काचेत एक बुडबुडा होता – मोहरीएवढा – आणि आईच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात तो इतकी वर्षं होता हे त्याला आज सकाळी पहिल्यांदा दिसलं. काच त्यानंच बसवलेली. चांगली मोठी, आडवी, मधे एकही पट्टी नसलेली, कारण आईचे पाय गेले तेव्हा पलंग खिडकीशी आणायचा आणि उशीवरून तिला सबंध रस्ता दिसला पाहिजे असं त्याच्या मनानं घेतलं होतं. इथून तडकेल का? या बुडबुड्यापासून? छे, मोठा दाब आला की काच आधी आत वाकते, पडद्यासारखी फुगते, आणि मग... मग आईची उशी. त्यानं चिकटपट्टीचं बंडल काढलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काचेवर भलीमोठी फुली मारायला घेतली.

“हे काय आरंभलंस?” आई म्हणाली.

“काही नाही. काच जरा सैल वाटतेय.”

“काल तो सिनेमा बघितल्यापासून तूच सैल झालायस, बाबू. आणि फुली बरोब्बर माझ्या डोळ्यांपुढे? समोरचा शिंपी अर्धा दिसेनासा झाला.”

तो हसला, पण हसू काही ओठांच्या आत उतरलं नाही. कालचा सिनेमा टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला होता. बॉम्बचे सिनेमे त्यानं काय थोडे पाहिले होते? पण ते बॉम्ब दुसऱ्यांच्या गावांवर पडायचे, आणि आपण पाय पोटाशी घेऊन, शेंगदाणे खात बघायचं. हा सिनेमा मात्र इथे काढला होता, याच शहरात – तोच पूल, तीच पाण्याची टाकी, आणि कोपऱ्यावरचा तो दातांचा दवाखाना, ज्याची दर्शनी काच त्यानं आणि मेहुण्यानं दोरखंड लावून चढवली होती. ती दिसताच तो लहान पोरासारखा ओरडला, “अरे, ही आपली काच!” बायकोनं कौतुकानं बघितलंसुद्धा. आणि पुढच्याच क्षणी पडदा पांढराफटक झाला, आवाज आधी आलाच नाही, आणि आपली काच – आपली – रस्ता ओलांडून समोरच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांत शिरली. नंतर घरात कुणी काही बोललं नाही. आईसुद्धा गप्पच होती, एकटक बघत.

“आई, पलंग आतल्या भिंतीला लावू या का?”

“आणि मी काय दिवसभर भिंतीवरचे डाग मोजत बसू?”

“तसं नाही...”

“तसंच आहे.”

तसंच होतं. आईजवळ उरलेलं सगळं जग त्या एका चौकटीत होतं, आणि तेच तो काढून घ्यायला निघाला होता, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. पण कळून उपयोग काय? संध्याकाळी येऊन हलवतो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून निघाला.

रस्त्यात काचाच काचा. इतक्या होत्या इथे? बँकेच्या, चपलांच्या दुकानाच्या, शाळेच्या व्हरांड्यातल्या – आणि त्यांच्याजवळून माणसं बिनघोर चाललेली, एक बाई तर काचेत बघून केस सारखे करत उभी. बाई, सरका तिथून. असं मी म्हणणार होतो, तोंडापर्यंत आलं होतं, पण तिनं वेड्यात काढलं असतं, आणि काढायलाच हवं होतं. आयुष्यभर मी केलं काय, तर घरोघर उजेड बसवला. असं बायकोला लग्न ठरताना सांगितलं होतं आणि ती त्या वाक्यावर भाळली होती. उजेड! सुऱ्या बसवल्या मी घरोघर, चांगल्या घासूनपुसून... नाही, हे बरोबर नाही, हे कालच्या सिनेमाचं बोलणं आहे. त्यानं पावलं उचलली. चित्त काही थाऱ्यावर येईना.

दुकानात बेकरीवाली बाई येऊन बसली होती; तिच्या कपाटाची काच आज द्यायची होती. मेहुण्यानं माप सांगितलं, त्यानं ते मोठ्यानं परत म्हटलं, पट्टी ठेवली, काच कापायचा हिरा एका दमात ओढला – हिऱ्याचा तो करकरीत आवाज एरवी त्याला फार आवडायचा – आणि काच टकटक करून सफाईनं मोडली. काम झाल्यावर मेहुणा बराच वेळ काचेकडे बघत राहिला.

“दाजी, हे कुणाचं माप?”

“ह्यांचंच की.”

“या काचेत मला आडवं झोपवायचं आहे का?” बेकरीवाली म्हणाली. “माझं कपाट आहे हो, पलंग नाही.”

त्यानं पट्टी परत लावली. आईच्या खिडकीचं माप होतं ते, अगदी तंतोतंत. कान बेकरीवालीचं माप ऐकत होते, तोंड तेच माप बोलत होतं, आणि हात मात्र भलतीकडेच होता. मेहुणा एरवी थट्टा सोडणारा नव्हे, पण त्यानं नुसता हिरा काढून घेतला आणि म्हणाला, “दाजी, घरी जा. बाईंची काच मी कापतो.”

भर दुपारी घरी आला. बायको कामावर होती. आई जागीच होती, आणि शिंपी दिसावा म्हणून तिनं फुलीची एक पट्टी हात पोचेल तिथवर सोलून काढली होती. त्यानं पलंगाची चाकं मोकळी केली आणि ढकलायला वाकला. आई भांडेल, निदान रडेल, अशी त्यानं मनाची तयारी केली होती.

“हलव,” आई म्हणाली. “पण आधी तो कालचा सिनेमा परत लाव.”

“तो? आई, तो कशाला?”

“सगळा नको. स्फोटाच्या आधीचं तेवढं. ती नर्स बसनं घरी जाते ना, ते.”

आई पुढे स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “माझाच रूट होता तो. काल इतक्या वर्षांनी गेले मी त्यावरून. पुलाखाली अजून तसाच खड्डा आहे, बघितलास? ड्रायव्हर दर वेळी शिव्या घालायचा.”

आईची सबंध नोकरी कंडक्टर म्हणून उभ्यानं झाली होती, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण काल ती गप्प का होती, हे त्याला आता कळलं. सगळं घर भेदरून बसलेलं असताना आई फिरायला गेली होती. त्याला हसू आलं. मी तिला खिडकी दिली आणि समजलो, झालं.

त्यानं सिनेमा लावला. नर्स बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. आईचे ओठ हलू लागले – “गिरणी... जुना बाजार... उतरा उतरा, पुढे चला...” – आवाज निराळाच, तरणा, कुणाचीही भीड न ठेवणारा. रिमोट हातात घट्ट धरून तो पलंगाच्या कडेला बसला. टाकी आली की बंद करायचं, दवाखाना दिसायच्या आत. एका गच्चीत कुणी चादर झटकत होतं. एक माणूस बसमागे धावला, त्याला बस मिळाली नाही, आणि तो कमरेवर हात ठेवून स्वतःवरच हसला. काल हे होतं? काल मी काय बघत होतो? हा माणूस कुठे राहत असेल, आज, आत्ता, त्याला पुढची बस मिळाली का... शहरभर हिंडून त्यानं कधी शहराकडे असं पाहिलं नव्हतं, आणि आता बघवतही नव्हतं, कारण जे जे आवडत होतं ते ते सकाळच्या काचांपेक्षा किती तरी नाजूक होतं. भीती कमी झाली नाही. उलट पसरली, त्या चादरीपर्यंत, त्या हसणाऱ्या माणसापर्यंत, आणि तरीही तिच्यापासून दूर पळावंसं त्याला वाटेना.

पाण्याची टाकी दिसली. त्याचा अंगठा बटणावर टेकला.

“बंद नको करूस,” आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “अजून एक स्टॉप आहे.”