दुपारी पांढरा झालेला रंग

दुपारी एक वाजला की त्या प्रयोगशाळेत जग थांबायचं. उपग्रह असो नाहीतर साक्षात ब्रह्मदेव येवो, यज्ञेश्वर सरांच्या राज्यात एक ते चार कुणाचं काही चालायचं नाही. सर तिथले प्रमुख. टेकडीखालच्या त्या बैठ्या इमारतीतून एकच्या ठोक्याला त्यांची स्कूटर निघायची, घरी आमटीभात, मग डाव्या कुशीवर वामकुक्षी. साहेबच गेल्यावर बाकीचे काय टाळ कुटत बसणार? तेही घरी. लोक हसतात पुण्याच्या या सवयीला. हसू देत बापडे. पण याच सवयीनं सुहासिनीच्या सात वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरायची वेळ आली, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

सुहासिनी रसायनशास्त्रातली. तिनं एक पांढरा रंग बनवला होता, भिंतीला द्यायचा नव्हे, उपग्रहाला. वर ना सावली, ना वारा, ऊन थेट अंगावर. पांढरा रंग ते ऊन परतवतो आणि आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून आतली यंत्रं जिवंत राहतात. पण अवकाशातल्या किरणांचा मारा खाऊन खाऊन रंग पिवळा पडतो. पिवळा पडला की ऊन पितो, आणि ऊन प्यायला की बॅटरी आतल्या आत शिजते. मग राहिला काय, तर आकाशात फिरणारा डबा.

म्हणून रंगाची परीक्षा आधी जमिनीवर घ्यायची. पोलादी पेटीत नमुने लावायचे, पंपानं हवा काढून घ्यायची आणि वर जो मार वर्षानुवर्षं बसतो, तो इलेक्ट्रॉनच्या यंत्रानं इथं चार दिवसांत द्यायचा. हे यंत्र मच्छिंद्रच्या हातात. शेवटच्या दिवशी एकला तो मारा थांबवायचा, पेटीत हवा सोडायचा आणि झाकण उघडं टाकून जेवायला पळायचा. चारला सगळे परतले की नमुने मापायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं.

त्या वर्षी सुहासिनीच्या रंगासमोर होता परदेशातून आणलेला रंग. दोन्हींना सारखाच मार दिला. चारला बघतात तर परदेशी रंग दुधासारखा, आणि सुहासिनीचा हलकासा पिवळट, जुन्या धोतरासारखा.

"सुहासिनीबाई," सर चष्मा पुसत म्हणाले, "आपल्या रंगाला कावीळ झालीय."

लोक हसले. सुहासिनीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. निवड करायला बंगलोरची समिती पंधरवड्यात येणार होती. "शोभा करून घेण्यापेक्षा नमुना मागे घ्या," सरांनी सल्ला दिला. मागे घ्यायचा म्हणजे काय, तर काम बंद, सात वर्षं कपाटात आणि उपग्रहावर परदेशी रंग. सर दुष्ट नव्हते हो. त्यांना खरंच वाटत होतं की ते तिची अब्रू वाचवतायत. असल्या माणसांशी भांडणं फार अवघड.

तिनं एकच मागितलं: आणखी एकदा मारा द्या. सरांनी दिला.

चौथ्या दिवशी एक वाजला. सरांची स्कूटर गेली, पाठोपाठ बाकीचे गेले. सुहासिनीच्या घशाखाली घास उतरणारच नव्हता, म्हणून ती तिथंच बसून राहिली. मच्छिंद्र हवा सोडायला निघाला, तेवढ्यात ती सहज उठली आणि पेटीच्या काचेच्या खिडकीला डोळा लावून तिनं विजेरीचा झोत आत टाकला.

"मच्छिंद्र, थांबा! हात लावू नका. इकडे या आधी."

मच्छिंद्र मुळशीकडचा. त्यानं वाकून पाहिलं. "आयला! ह्यो डाव्या हाताचा तर पार करपलाय. तुमचा हाय का बाई?"

"माझा उजवीकडचा. हा परदेशी."

परदेशी रंग चहासारखा तपकिरी झाला होता! सुहासिनीचा आपला पहिल्यासारखाच, जरासा पिवळट. मच्छिंद्रनं तिच्याकडे पाहिलं, तिनं मच्छिंद्रकडे.

"आता सोडा हवा," ती म्हणाली. "हळूहळू."

हवा आत शिरली आणि दोघंही खिडकीला चिकटून उभी राहिली. चिरलेलं वांगं हवेत काळं पडतं ना, तसं, पण उलटं चाललं होतं. तपकिरी फिका झाला, फिक्याचा पिवळा झाला आणि मच्छिंद्र जेवण विसरून बघत असताना परदेशी साहेब न्हाऊन-माखून पांढरेशुभ्र होऊन बसले. हवा लागली की त्याची जखम भरून येत होती! सुहासिनीचा रंग मात्र पक्का पुणेरी, जे काय असेल ते तोंडावर. पिवळटला तेवढा पिवळटला, लपवाछपवी नाही.

सुहासिनी मटकन खुर्चीत बसली आणि एकटीच हसत सुटली. वर कोण येणार आहे हवा सोडायला?

चारला सर आले. तिनं एका दमात सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "उपाशीपोटी डोळ्यांपुढे काजवे चमकतात बाई. तपकिरीही दिसत असेल."

"मग समितीसमोर ताजे नमुने लावून दाखवते," ती म्हणाली. "खोटं निघालं तर माझा रंग मी माझ्या हातानं कचऱ्यात टाकीन. फक्त एक अट आहे. आपण त्या दिवशी दुपारी घरी जायचं नाही."

सरांना असं तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी छत्री उचलली, परत ठेवली. "ठीक आहे," म्हणाले. "थांबतो."

समिती आली. प्रमुख होत्या सरोजिनीबाई, बंगलोरला मोठ्या हुद्द्यावर, पण जन्म शुक्रवार पेठेतला. एक वाजला, चार दिवसांचा मारा थांबला. सगळे पेटीभोवती उभे राहिले. रंग किती ऊन परतवतो ते मापायचं यंत्र सुहासिनीनं बाहेरून खिडकीलाच लावलं होतं, झाकण न उघडता. रंग या खेपेला वेगळा वागला तर? सात वर्षं, आणि वर जन्मभराचं हसं.

पहिला आकडा परदेशी रंगाचा. सरोजिनीबाईंच्या भुवया चढल्या. "हा उपग्रहाला लावायचा? यापेक्षा काळी छत्री लावा."

दुसरा आकडा सुहासिनीच्या रंगाचा. सरोजिनीबाईंनी पुन्हा मापायला लावलं. तोच आकडा, आणि चांगला आकडा.

मग मच्छिंद्रनं हवा सोडली. चहा आला, खारी आली. सरांचे डोळे जड झाले होते, जांभयांवर जांभया येत होत्या, पण पठ्ठ्या खिडकीपासून हलला नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत परदेशी रंग पांढरा होत गेला. दुसऱ्या चहापर्यंत त्याचं चकचकीत दूध झालं.

"म्हणजे दमलेल्या माणसाला आधी झोप काढू द्यायची," सरोजिनीबाई कप खाली ठेवत म्हणाल्या, "आणि मग विचारायचं, दमलास का रे? वा! माहेरची माणसं काही बदलत नाहीत."

सरांचा चेहरा उतरला. ते उठून सरळ सुहासिनीसमोर आले. "बाई, पितळ उघडं पडलं ते माझं. या पेटीतून आजवर गेलेला प्रत्येक नमुना मी पुन्हा मापणार. आणि कावीळ हा शब्द मी सगळ्यांदेखत मागे घेतो." असं म्हणायला छाती लागते. सुहासिनीला इतका वेळ न आलेलं रडू तेव्हा आलं.

"हाच रंग वर जाईल," सरोजिनीबाईंनी सांगून टाकलं. "रंगाचे डबे भरायला लागा."

मच्छिंद्रनं अशी आरोळी ठोकली की बाहेरचा पहारेकरी धावत आला. संध्याकाळी सुहासिनी मंडईतून प्रयोगशाळेसाठी अख्खी टोपली भरून पेरू घेऊन आली. वाटेत भाजीवालीनं विचारलं, "लगीन हाय का घरी?" ती म्हणाली, "त्याहून मोठं आहे."

उपग्रह वर गेला. पहिले महिने सगळेच रंग चांगले वागतात, म्हणून सुहासिनी श्वास रोखून होती. वर्ष उलटलं आणि बंगलोरहून ट्रंककॉल आला. बॅटरी थंड, रंग शाबूत.

फोन दुपारी अडीचला वाजला होता. पहिल्याच घंटेला उचलला तो यज्ञेश्वर सरांनी. "एक मिनिट थांबा," ते म्हणाले, "ही बातमी ज्यांची आहे, त्यांनाच सांगा." आणि त्यांनी उठून स्वतःची खुर्ची सुहासिनीला दिली.