पोळ्यातलं इंजिन

मी इंजिन बोलतोय. रुळावरचं नव्हे हं! वीतभर लांबीचं, पत्र्याचं, खेळण्यातलं. पण माझी चाकं फिरतात, आणि ऐट तर विचारूच नका.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर काळा कुळकुळीत रंग होता. अमृतरावांनी मला नागपुरातून आपल्या गावी, बेल्याला आणलं, त्यांच्या लेकासाठी, पियुषसाठी. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी बैल ओढत निघाली आणि हा पठ्ठ्या मला दोरी बांधून निघाला. पोरं फिदीफिदी हसली, पियुष रडत घरी आला.

"रडतं काऊन? याले बी बैलावानी रंगवू," त्याची आई शकुबाई म्हणाली. पिवळं अंग, लाल पट्टे, निळी चाकं. झाला इंजिनाचा बैल! माझा नुसता जळफळाट झाला.

पुढे अमृतराव वारले. पियुष नोकरीसाठी हैदराबादला गेला. शकुबाई एकटीच किराणा दुकान चालवू लागली, पण पोळ्याला मला रंगवायला कधी चुकली नाही. जुन्यावरच नवा रंग. अलीकडे मात्र ती बोटांनी चाचपत रंगवायची. ब्रश चाकात शिरायचा, पट्टा भलतीकडेच जायचा. तिला दिसत नाही हे मला कळलं. पण मी पडलो मुका, सांगणार कोणाला?

यंदा पियुष सुटीवर आला. अशा छोट्या इंजिनांचा जुना रंग उतरवून ती नव्यानं रंगवायची, हा आता त्याचा छंद. "आई, याले पहिल्यासारखं काळं करतो," म्हणत त्यानं मला थिनर चोळला आणि दातांच्या जुन्या ब्रशनं घासायला बसला. एकेका पोळ्याचा रंग निघू लागला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वरचे थर जाड, ओघळलेले. खालचे पट्टे अगदी सरळ.

"पहिले किती चांगलं रंगवत होती तू! आता काय हे, नुसतं थापून ठेवलं," तो हसला.

"हात थरथरते रे आता."

खोटं! तराजू धरताना तिचा हात जरा हलत नाही. अरे बाबा, तिच्याकडे बघ की! मी मनातल्या मनात ओरडत होतो.

रंग निघाल्यावर त्यानं मला काळ्या रंगाआधीचा तांबडा प्रायमर मारला. तो वाळला तसा मला आईच्या हातात दिला. "पाय बरं, कसं झालं?"

शकुबाईनं मला डोळ्यांजवळ नेलं. "काळं कुळकुळीत! लई शोभून राह्यलं."

पियुषचं तोंड उतरलं. "आई, काळा रंग अजून लावलाच नाई. हा तांबडा हाय. कधीपासून दिसत नाई तुले?"

ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "सांगितलं असतं त तू दुकान बंद करून मले हैदराबादले नेशीन."

"दुकानाले कोणी हात लावत नाई. पण उद्या दवाखान्यात चाल."

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, पण डोळा वाचेल. काल ऑपरेशन झालं, आज पट्टी निघणार आहे. काळ्या रंगाची डबी तशीच बंद आहे आणि मी तांबड्या अंगानं फळीवर बसलोय. खरं सांगतो, काळ्याचा हट्ट आता राहिला नाही. शकुबाई, पिवळा दे, निळा दे, हवी तर शिंगंही काढ. फक्त या खेपेला बघून दे.