माळ्यावरून काढलेली शिडी

राऊळांच्या घरात सहा वर्षं कुकर लागला नव्हता. घोडपदेवच्या त्या चाळीत सकाळी घरोघरी शिट्ट्या होत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत भात पातेल्यात रटरटत असे. शेजारच्या शिट्ट्या भिंतीआडून येत, तेवढ्या जयवंत राऊळांना सोसत. आपल्याच खोलीतली शिट्टी मात्र सोसत नसे.

जयवंत चोवीस वर्षं सैन्यात होते. सीमेवर एका सकाळी तोफेचा गोळा शीळ घालत आला आणि शेजारी बसून चहा पिणारे दोन सोबती जागीच गेले. जयवंतांच्या अंगावर ओरखडासुद्धा उमटला नाही, आणि तेच त्यांना भोवलं. पाय गेला असता तर चाळीने त्यांना डोक्यावर घेतलं असतं. घाव मनावर बसला, म्हणून लोक म्हणू लागले, राऊळांचं डोकं फिरलंय. पंधरा ऑगस्टला मात्र हेच लोक त्यांच्या गॅलरीखाली फटाक्यांची माळ लावून जवानांचा जयजयकार करत.

त्यांची एकुलती मुलगी दर्शना पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या वॉर्डात नर्स होती. वॉर्डात जे शिकली, ते तिने घरात आणलं. बाबांना मागून हात लावायचा नाही. जवळ जाण्याआधी समोरून नाव सांगायचं. काय झालं, काय झालं, असं खोदून विचारायचं नाही. डॉक्टर, गोळ्या आणि घराचं हे नवं वळण यांनी फरक पडला होता. जयवंत आता एकटे जाऊन बांगडे घेऊन येत, भाव करत, फसले तर हसतही. झोपायला त्यांना पोटमाळा आवडे. तिथे पाठीला भिंत होती आणि खालचं दार नजरेत राहायचं.

पण या घरात आणखी एक रीत होती आणि ती पडली होती जयवंतांच्या थोरल्या बहिणीमुळे. अंबिकाआत्या त्याच मजल्यावर राहायच्या. महत्त्वाचे पाहुणे यायचे असले की त्या जयवंतांना माळ्यावर पाठवत आणि शिडी काढून गॅलरीत नेऊन ठेवत. पाहुण्यांना सांगायचं, ते गावी असतात. भिंतीवर गणवेशातला, पदक लावलेला फोटो असायचा. पाहुणे फोटोला हात जोडत आणि ज्याचा फोटो तो माणूस डोक्यावर श्वास रोखून बसे. दर्शनाला हे ठाऊक होतं आणि ती गप्प राहिली होती. आईला त्रास नको, म्हणून. वॉर्डात दुसऱ्यांच्या नातेवाइकांना चार शब्द सुनावणारी ही पोरगी स्वतःच्या घरात तोंडाला कुलूप लावून बसली होती.

त्या रविवारी ठाकूरद्वारहून दर्शनाला बघायला येणार होते. मुलगा विनीत बँकेत अधिकारी होता, त्याची आई सरोजिनीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. स्थळ आत्यांनीच आणलं होतं.

"बाबांना आज खाली बसू दे ना, आत्या," दर्शना म्हणाली.

"चेडवाचा लगीन होवक होया का नको?" आत्या म्हणाल्या. "दोन तासांचो प्रश्न आसा. तू गप ऱ्हव."

"राहू दे गं," जयवंत शिडीवर पाय ठेवत म्हणाले. "मला काय फरक नाय पडत. वर पेपर वाचतो मी."

त्यांनी पेपर घेतला, पण चष्मा खालीच राहिला. दर्शनाने तो पाहिला. तोवर आत्यांनी शिडी उचलली होती.

पाहुणे अर्धा तास आधीच आले. वड्यांचे बटाटे पातेल्यात अजून कच्चेच होते. दर्शनाची आई मीनाक्षी घाबरीघुबरी झाली. आत्या लगबगीने गेल्या आणि स्वतःच्या घरून कुकर घेऊन आल्या. घाईत त्यांना भान राहिलं नाही. बाहेर सरोजिनीबाई फोटोपुढे उभ्या होत्या.

"फौजी माणसाचं घर म्हणजे शिस्त असणारच," त्या म्हणाल्या. "आम्हाला फार अभिमान वाटतो हो. आज नाहीत का?"

"गावी असतात," मीनाक्षी म्हणाली.

तेवढ्यात कुकरने शिट्टी मारली.

वर काहीतरी जोरात आदळलं. मग घशातून आलेला एक आवाज आणि कडेला सरपटत येणारे गुडघे. शिडीसाठी एक हात बाहेर आला आणि रिकाम्या कडेवर चाचपडत राहिला. विनीत उठून उभा राहिला. "वर मांजर आसात," आत्या म्हणाल्या.

दर्शनाने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला आणि आधी गॅस बंद केला. मग पदर खोचून गॅलरीतून शिडी आणली आणि पाहुण्यांच्या मधूनच ती माळ्याला टेकवली.

"बाबा, मी दर्शना. समोरून वर येतेय."

जयवंत भिंतीला पाठ लावून, कान दाबून बसले होते. ती हातभर अंतर ठेवून बसली.

"हे घोडपदेव आहे, बाबा. आज रविवार. तो आवाज कुकरचा होता, आत्याने चुकून लावला. आता बंद केलाय. हात खाली ठेवा. काय लागतंय?"

त्यांनी कानावरचा एक हात खाली टेकवला. ते म्हणाले, "ट्रंक."

"गार की गरम?"

"गार." मग जरा दम घेऊन, "शिडी नव्हती गं."

दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला स्वतःची शरम वाटली आणि ती तिने लपवली नाही. "आम्ही काढली होती, बाबा. यापुढे कुणी काढणार नाही. खाली येता?"

ते आले. एकेक पायरी चाचपत, घामेजलेल्या सदऱ्यात, आणि पाहुण्यांना नमस्कार करून खुर्चीवर बसले.

सरोजिनीबाईंनी तोल सावरला. बाई वाईट नव्हत्या, चारचौघींसारख्या होत्या. "मुलगी आम्हाला पसंत आहे," त्या हलक्या आवाजात मीनाक्षीला म्हणाल्या. "गुणी आहे, दिसलंच. फक्त लग्नात यांना गावी ठेवा. हॉलवर बँड असतो, फटाके असतात, आमची चार माणसं असतात. कन्यादान मामांनी केलं तरी चालतं."

आत्यांचा चेहरा खुलला. मीनाक्षीने मान खाली घातली.

"बँड नको, फटाकेही नकोत," दर्शना म्हणाली. "बाबा मात्र हवेत."

"अगं, असं कसं? एकुलता मुलगा आहे माझा. आणि आजारी माणसाला त्रास द्यायचा का?"

"त्यांना त्रास लपवण्याचा होतो, काकू. आत्ता फोटोपुढे तुम्ही अभिमान वाटतो म्हणालात. तो माणूस हा समोर बसलाय. याला गावी ठेवायचं असेल, तर फोटोचंही कौतुक करू नका."

विनीतने आईकडे पाहिलं, मग फरशीकडे. दर्शनाने त्याला बोलायला पुरेसा वेळ दिला.

"मग हे लग्न मला नको," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."

चहा न घेताच पाहुणे गेले. आत्या कपाळाला हात लावून मटकन बसल्या. "आता कोण येतला ह्या घरात? तोंड दाखवक जागा ठेवलंस नाय."

उत्तर दर्शना देणार होती, पण मीनाक्षीच उठली. सहा वर्षं गावी असतात, गावी असतात, म्हणणारी ती बाई स्वयंपाकघरात गेली आणि कुकर घेऊन आली. "वन्सं, हा तुमचा कुकर," ती म्हणाली. "आणि शिडीला पुन्हा हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दर्शनाने रजा टाकली आणि शिडी माळ्याला कायमची बसवायला सुताराला बोलावलं. त्याने पिशवीतून हातोडी काढली तशी तिने ती परत ठेवायला लावली. खिळे नकोत, स्क्रू लाव, तेही हाताने. दोन स्क्रू बसल्यावर जयवंतांनी चष्मा चढवला आणि स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. उरलेले सहा त्यांनी स्वतः पिळले, शेवटचा तर दोनदा तपासला. मग शिडी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून पाहिली. ती हलली नाही.

दारावरून जाणाऱ्या शेजारणीने मान आत घातली. "काय चाललंय, दर्शना? पाहुणे येणार होते ना काल?"

"आले होते," दर्शना म्हणाली. "बाबांना भेटून गेले."