पान्याने सुटणारं भूत

"सुटली! सुटली!"

टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या नाक्याच्या पत्र्याच्या शेडसमोर सगळा गाव नरडं फाटेस्तोवर ओरडत होता. सुटली होती ती एक निळी मोटार. कुणाच्या तावडीतून? तर म्हणे भुताच्या! चक्रबाबा बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते आणि मोटारीचा मालक, आमच्या गावचा औषधांचा दुकानदार, चांगला शिकलासवरलेला माणूस, स्टिअरिंगवर कपाळ टेकून हमसून हमसून रडत होता.

"बाबा, ब्रेक दाबला तरी थरथरायचं नाव नाही हो!"

मी गर्दीत मागे उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

आमचं गाव टेकडीवर, शाळा आणि बाजार खाली. मध्ये लांबलचक उतार. गेल्या काही वर्षांत गावातल्या निम्म्या गाड्यांना एकच खोड लागली होती. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथड नाचायचं, पायाखालचं पेडल उसळ्या मारायचं. नाक्यावर पूर्वी कधीतरी एक ट्रकवाला मेला होता. चक्रबाबांना तेवढं भांडवल पुरलं.

"तो तुमचं स्टिअरिंग धरतो, बाळांनो! चाक म्हणजे काय? चाक म्हणजे काळ! ब्रेक म्हणजे काय? काळाला अडवणं! मग अडवलेला काळ थरथरणार नाही तर काय गाणं म्हणणार?"

लोक माना डोलवत होते. मी तंत्रशाळेत गाड्यांची दुरुस्ती शिकवते. इतकी वर्षं खडू झिजवला, पण ब्रेकची ही व्याख्या काही मला सुचली नव्हती बुवा.

बाबा गाडीवर पाणी शिंपडायचे, तासभर पुटपुटायचे, मग मालकाला शेडसमोरच्या मैदानात हळूहळू फेरी मारायला लावायचे. गाडी थरथरायची नाही. वर मालक घरी निघाला की नेम द्यायचे: वर्षभर चाळिसाच्या वर वेग नाही, ब्रेकला जोर नाही, आणि गाडीला पाना लावायचा नाही. भूत चिडतं!

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या ताईचे यजमान शाळेच्या मुलांची ने-आण करतात, आणि त्या मुलांत माझी भाची असते. भावोजींनीही गाडी 'सोडवून' घेतली होती. मागच्या आठवड्यात शेवटच्या वळणावर त्यांनी नेमाप्रमाणे ब्रेक अलगद दाबला. गाडी थांबली ती कठड्याला धडकून. पुढे बसलेल्या भाचीची हनुवटी फाटली. कठड्यापलीकडे काय आहे ते आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे.

"भावोजी, गाडी मला द्या. उघडून बघते," मी म्हटलं.

"पाना लावायचा नाही. नेम मोडला तर पोरीवर येईल म्हणालेत."

"पोरीवर आलंच की! टाके दिसत नाहीत?"

"थोडक्यात निभावलं ते कुणामुळे?" ताई मध्ये पडली. "बाबा होते म्हणून!"

मला भयंकर संताप आला. भावोजी मूर्ख नाहीत. त्या लफंग्याने त्यांची नेमकी नस पकडली होती. बापाला पोरीची भीती घातली की बाप काहीही ऐकतो.

तेवढ्यात भाची जवळ आली. टाक्यांमुळे तोंड नीट उघडत नव्हतं.

"मावशी, उद्यापासून मी मागे बसू का? मागे बसलं की कमी लागतं ना?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"घे. नेम मोडल्याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे."

मी गाडी मोठ्या सपाट रस्त्यावर नेली. हळू चालवून ब्रेक दाबला, काही नाही. सत्तरवर नेऊन दाबला, स्टिअरिंग थडथड. स्टिअरिंग नाचतंय म्हणजे दोष बहुतेक पुढच्या चाकांत. चाकं उतरवली आणि भूत सापडलं. चाकाच्या आत लोखंडी डिस्क फिरते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. या डिस्कवर काळे चट्टे पडले होते. मायक्रोमीटरने मोजली तर जाडी एकीकडे जास्त, एकीकडे कमी. पॅडही झिजत आलेले.

घरीच दुरुस्त केली असती तर श्रेय बाबांनी लाटलं असतं. म्हणून नवीन सामान, जॅक आणि पाने डिकीत टाकले आणि रविवारी, मुलांना सुट्टी असताना, गाडी थेट मैदानात नेली.

"बाबा, भूत परत आलंय. काढा," मी म्हटलं.

बाबा खूश! पाणी झालं, पुटपुटणं झालं, मैदानात फेरी झाली. थरथर नाही. "सुटली! सुटली!"

"आता मोठ्या रस्त्यावर बघू या. सत्तरने."

"नेम!" बाबा कडाडले. "चाळिसाच्या वर नाही!"

"का हो? भुताला चाळिसाच्या पुढचे आकडे येत नाहीत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी औषधवाल्यालाच शेजारी बसवलं आणि निघाले. परत आलो तेव्हा तो घाम पुसत होता.

"आहे," तो हळूच म्हणाला. "तस्संच आहे."

"या बाईच्या संशयाने परत आलं!" बाबा.

"असेल बुवा. मग आता मीच काढते."

बाह्या सरसावल्या, जॅक लावला. बाबा शाप देत होते, मी नट सोडवत होते. लोकांना आता शापापेक्षा नटांत जास्त गंमत वाटायला लागली. जुन्या डिस्क काढल्या, खालचा गंज घासला, नवीन डिस्क आणि पॅड बसवले, नट समोरासमोरचे घेत सारखे आवळले. या वेळी स्टिअरिंगवर भावोजी बसले, शेजारी औषधवाला. नवे पॅड बसावेत म्हणून आधी हलके हलके ब्रेक दाबायला लावले, मग सत्तर. परत आले तेव्हा भावोजींचे हात स्टिअरिंगवरून निघेचनात.

"लोण्यासारखी थांबते गं," ते म्हणाले.

"बाबा, माझा संशय तर अजून जिवंत आहे. भूत कुठे गेलं?" मी जुनी डिस्क उचलून गर्दीला दाखवली. "हे बघा! पान्याने सुटलं. तुमची गाडी याच बनावटीची आहे ना? तिला लावते, तुम्ही आत बसा. तुम्हाला कसली भीती?"

बाबांनी डोळे मिटले आणि ओठांवर बोट ठेवलं. मौन! पण त्यांच्या ड्रायव्हरला कुणी मौन सांगितलं नव्हतं. तो धावत येऊन गाडीला आडवा झाला.

"नको नको, बाई! परवाच शहरातल्या गॅरेजातून नव्या डिस्क टाकून आणल्यात!"

मग औषधवाला पुढे झाला.

"का रे? बाबांच्या गाडीला पाना चालतो?"

बाबांचं मौन काही सुटलं नाही. आठवडाभरात बाबाच गावातून सुटले.

त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, आणि तुम्हालाही सांगते. नाक्यावर भूत नव्हतं, आपली सवय होती. पेट्रोल वाचतं म्हणून अख्खा गाव उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो आणि खालपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून येतो. डिस्क तव्यासारखी तापते. गाडी तशीच नाक्यावरच्या गर्दीत रांगेत उभी राहते, पाय ब्रेकवरच. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो. हळू चालवलं की तो जाणवत नाही, वेगात ब्रेक दाबला की थडथडतो. म्हणून तर मैदानातली हळू फेरी, म्हणून तो चाळिसाचा नेम! आणि आजकालच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पेट्रोल जवळजवळ घेतच नाहीत. तेव्हा वाचत होतं ते काहीच नाही.

सोमवारी भावोजी मुलांना घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. मी शेजारी होते. शेवटच्या वळणावर त्यांनी ब्रेक न घाबरता दाबला आणि गाडी कठड्यापासून चांगली लांब, निमूट थांबली. भावोजींनी डोळे पुसले.

मागून भाचीने विचारलं, "मावशी, आता कुठेही बसलं तरी चालेल ना?"

"मागेच बस. आणि पट्टा लाव."

तिच्या हनुवटीवरचा व्रण जायचा नाही. बाबांनी आम्हाला दिलेली खरी वस्तू तेवढीच. तुमची गाडी थरथरली तर कुणाच्या पायावर डोकं ठेवू नका. चाक उतरवा आणि आत बघा.