पालक येईपर्यंत

ठकीचं कोपर मोडलं त्याच आठवड्यात शाळेने मला बोलावणं धाडलं. मला वाटलं, माफी मागायची असेल. नवरा दाढी करता करता हसला. "माफी? अगं, ती माणसं घरी शिंकायचं झालं तरी आधी वकिलाला विचारत असतील."

ठकी माझी थोरली, पहिलीत आहे. मधल्या सुट्टीत घसरगुंडीच्या शिडीची वरची पायरी तिच्या पायाखालून निखळली आणि ती हातावर पडली. पायरी खिळखिळी झाली होती हे पहिलीतल्या यच्चयावत पोरांना ठाऊक होतं. त्यांनी तिचं नावच 'डुलती' ठेवलं होतं. मोठ्यांना ठाऊक नव्हतं, कारण मोठे शेजारची पाटी रंगवण्यात गुंतले होते. पाटीवर सुबक अक्षरांत लिहिलंय, जखमी विद्यार्थ्याला पालक येईपर्यंत कोणीही हात लावू नये. हात लावला की जबाबदारी अंगाला चिकटते, असं शाळेच्या वकिलांचं म्हणणं.

वर्गाच्या बाईंनी हात लावला. ठकीला उचललं, ओढणीची झोळी करून तिचा हात गळ्यात बांधला आणि आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मी धापा टाकत पोहोचले तेव्हा ठकी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मुसमुसत होती आणि बाई तिला कुठल्याशा आळशी कासवाची गोष्ट सांगत होत्या. शाळेने दुसऱ्याच दिवशी बाईंना घरी बसवलं.

आज गेले तर त्या जिन्याजवळच्या बाकावर बसलेल्या. "दुपारी बैठक आहे, ठकीची आई," त्या म्हणाल्या. "काढून टाकणार म्हणतात. नियम मोडला ना मी." मग लगेच, "झोपते का ती? कूस बदलताना दुखत असेल."

"उशीवर हात ठेवून झोपते," मी म्हटलं. कडेवर धाकटा होता, त्याला दात येताहेत, तो माझा खांदा चावत होता. वरून शिपाई हाक मारायला आला.

बैठकीच्या खोलीत खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. डाग पडला तर जबाबदार कोण, हा प्रश्न तिथेही असणार. टेबलापलीकडे मुख्याध्यापिका, त्यांच्या उजव्या हाताला वकीलसाहेब, डाव्या हाताला सुपरवायझर. या सुपरवायझरना पोरं 'सावली' म्हणतात, कारण मुख्याध्यापिका वळल्या की ते वळतात.

"या ताई, बसा. बाळ किती गोड आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. ठकी कशी आहे, हे विचारायला तोंड उघडलं होतं त्यांनी, पण वकिलांकडे बघून मिटलं.

वकिलांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. माझीच तक्रार होती ती, माझ्याच नावाने, तयार टाइप केलेली. फक्त सही बाकी. मी त्यात फार शुद्ध बोलत होते. संबंधित शिक्षिकेने पालकांच्या संमतीशिवाय माझ्या पाल्यास उचलल्यामुळे अस्थिभंगाची तीव्रता वाढली, असं माझं ठाम मत होतं म्हणे.

"डॉक्टर तर म्हणाले, हात नीट बांधून आणला म्हणून निभावलं," मी म्हटलं.

"डॉक्टर त्यांच्या जागी बरोबर असतील," वकील म्हणाले. "आपण इथे कायदेशीर बाजू बघतोय, मॅडम."

"आणि शिडी?"

"शिडीवर चढणं ऐच्छिक होतं."

सहा वर्षांच्या पोरीला घसरगुंडी ऐच्छिक असते, हे मला नव्हतं माहीत. माणूस इतकं शिकतो आणि शेवटी एवढंच हाती लागतं, याची मला खरंच कीव आली असती, जर धाकट्याने तेवढ्यात त्या कागदाचा कोपरा तोंडात घातला नसता. मी तो काढला नाही.

"ताई, आम्हाला ठकीचं सगळं बघायचंय हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "या वर्षीच्या स्नेहसंमेलनात नाचात तिला मधोमध उभी करू आपण."

"प्लास्टरसकट?"

"त्याला चमकी लावता येईल," सावली म्हणाली. चेष्टा नव्हती. त्यांनी विचार केला होता.

मी सही करत नाही म्हटल्यावर मुख्याध्यापिकांचा चेहरा एकदम उजळला. "मग तुम्ही स्वतःच बघा. आमच्याकडे पुरावा आहे. अशा वेळी आम्ही नेहमी चित्रीकरण करतो, म्हणजे उद्या कोणी काही म्हणायला नको. सर, लावा. ताईंच्या फोनवरही पाठवून द्या, घरी मिस्टरांना दाखवतील."

"काय चित्रीकरण?" वकिलांनी विचारलं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सावलीने तोवर माझ्या फोनवर पाठवून भिंतीवरच्या पडद्यावर लावलंसुद्धा.

पडद्यावर माझी लेक वाळूत बसलेली होती. हात कुशीत धरलेला, एका पायातला बूट निघालेला. भोवती मोठी माणसं गोल करून उभी, सगळ्यांचे हात पाठीमागे. ठकी रडत नव्हती. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "मी उठू का?" तिने विचारलं. घरी मी तिला सारखी सांगते, मोठ्यांना विचारून करावं. माझं शहाणं लेकरू विचारत होतं.

"हलू नकोस हं बाळा, आईला फोन लावलाय," पडद्यावरच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मला फोन बाईंनी केला होता, दवाखान्यातून. त्याआधी कोणाचाही आला नव्हता.

पडद्यावर मुख्याध्यापिकांचा फोन स्पीकरवर होता. "साहेब, ॲम्ब्युलन्स बोलावली तर चूक कबूल केल्यासारखं होईल का हो?"

आणि माझ्या समोर बसलेल्या माणसाचा आवाज पडद्यातून स्वच्छ आला. "थांबा, घाई नको. आधी सांगा, मुलगी कोणाची आहे? वडील कुठे कामाला?"

"बंद करा ते," वकील म्हणाले.

"अहो, थांबा ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता तर ती बाई येते. आता उचलते, बघा." पडद्यावरून त्यांची नजर हटली नव्हती. त्यांनी हे कितीदा तरी पाहिलं असणार, आणि दर वेळी त्यांना त्यात फक्त एक गुन्हा दिसला होता. तो आता घडला. बाई त्या गोलातून आत आल्या, गुडघ्यावर बसल्या, ओढणी काढली. तेव्हा कुठे ठकी रडली.

"सर, बंद करा," वकील ओरडले.

धाकटा अजून कागद चोखत होता. वकिलांचे कान लाल झाले होते. "मॅडम, ते संस्थेचं अंतर्गत चित्रीकरण आहे. फोनमधून काढून टाका, ही विनंती."

"मिस्टरांना दाखवायचंय ना," मी म्हटलं.

मुख्याध्यापिका एकदा माझ्याकडे, एकदा वकिलांकडे बघत होत्या. काय बिघडलं ते त्यांना कळलं नव्हतं. शपथेवर सांगते, अजूनही कळलेलं नाही.

"तुमची अपेक्षा काय आहे?" वकिलांनी विचारलं.

"बाईंना आज कामावर घ्या. लेखी. मी इथे बसते."

"आणि त्या बदल्यात तुम्ही दावा करणार नाही, असं समजू?"

"माझ्या पोरीच्या हाताचं मी तुमच्याशी इथे बोलणार नाही. बाईंचा कागद करा."

कागद झाला. मी तो घेऊन खाली आले. बाईंनी वाचला आणि माझ्यापुढे धरला. माणुसकीच्या दृष्टिकोनातून, सक्त ताकीद देऊन, कामावर रुजू करून घेण्यात येत आहे.

"ताकीद कशाची?" त्यांनी विचारलं.

"उचलल्याची."

मी कागद परत दिला, तर त्यांनी हात पुढे केला नाही. मी धाकट्याला त्यांच्या मांडीवर दिला आणि पुन्हा वर गेले. वकिलांपुढे कागद ठेवून त्या ओळीवर बोट ठेवलं, दुसऱ्या हातात फोन तसाच धरून. त्यांनी ती खोडली आणि शेजारी सही केली.

मी दारापर्यंत पोहोचले तोवर मागे मुख्याध्यापिका सावलीला समजावत होत्या, "पुढच्या वेळी ना, सर, आवाज बंद ठेवून काढत जा."

पुढच्या वेळी. कुठल्या तरी घरात कोणीतरी कोणाच्या तरी वेण्या घालत असेल आत्ता, आणि त्या पोरीसाठी यांचं हे ठरलंसुद्धा.

खाली धाकट्याने बाईंची ओढणी ओली चिंब केली होती. मी त्यांना कागद दिला आणि वरचं ऐकलेलं सांगितलं. त्यांनी कागद पर्समध्ये टाकला, पोर माझ्याकडे दिलं.

"घसरगुंडीपाशी मधल्या सुट्टीत मीच उभी राहते आता," त्या म्हणाल्या. "आणि ठकीला सोमवारी पाठवा. उजवा हात बरा होईपर्यंत डाव्याने चित्रं काढू. वेडीवाकडी येतील, पण येतील."

मग घंटा झाली आणि त्या लगबगीने वर्गाकडे गेल्या.