टोमॅटोला औषध

गॅलरीतल्या कुंडीत पहिला टोमॅटो पिकला, तेव्हा शिंपीण चालू मशीन सोडून उठली. कौतुकाच्या भरात तिने तो खुडला आणि न धुताच लेकीच्या हातात ठेवला. पोरीने मिटक्या मारत फस्त केला. रस पार कोपरापर्यंत ओघळला.

"गोड असणारच," सासूबाई आतून म्हणाल्या. "रोज औषध घालतेय मी त्याला."

शिंपिणीची पाचावर धारण बसली. किडे मारायच्या औषधाची बाटली ओट्याखालीच होती. तिने लेकीच्या घशात बोट घातलं. पोरीने भोकाड पसरलं, तशी तिला काखोटीला मारून ती आत धावली.

"आई, किती घातलंत? लवकर सांगा."

"एकेक गोळी, चुरून. सकाळ-संध्याकाळ."

"गोळी? बाटलीतलं नाही?"

"बाटली कसली? माझंच औषध, छातीचं. मेलं रोप मान टाकून बसलेलं. म्हटलं, माझ्यापेक्षा त्याला गरज आहे. बघ, कसं तरारलंय."

शिंपिणीचा जीव भांड्यात पडला, पण तिथे टिकला नाही. तिची नजर सासूबाईंच्या सुजलेल्या पायांवर गेली. चप्पल आवळते, अशी म्हातारीची कुरकुर कधीपासून चालली होती. दर वेळी शिंपिणीने हसत हसत पट्टा उसवून सैल करून दिला होता. आता सैल करायला पट्टाच उरला नव्हता.