उसाची बस

युवक मंडळाला नगरच्या प्रशिक्षण केंद्राकडून एक जुनी बस मिळाली. ती रंगवताना मंडळाचा कार्यकर्ता श्रीमंत याने एकच अट घातली, लांबून बघताच पोरं धावत आली पाहिजेत. खेड्यापाड्यातली पोरं गोळा करून नगरला फिटरचं काम शिकायला न्यायची होती. बस रिकामी फिरली तर नगरवाले ती पारनेरच्या मंडळाला देणार होते, त्यामुळे श्रीमंतचा जीव टांगणीला लागला होता.

"ह्या दुष्काळात काय बघून धावतील?" पेंटर गोरक्षनाथने विचारलं.

"हिरवं काढ. डोळं निवलं पायजेत."

गोरक्षनाथने दोन्ही अंगांना ऊस काढला. असा रसरशीत, की तिसगावच्या बाजारातली म्हैसही मान वळवेल. वर ठळक अक्षरांत 'युवक प्रशिक्षण'. श्रीमंत खूश. दसरा उलटल्यावर आपल्या कोरडवाहू वस्त्यांवर ऊस म्हणजे काय, हे त्या शहाण्याला सुचलंच नाही.

पहिल्याच वस्तीवर बस थांबली आणि माणसं बोचकी, कोंबड्या, कोयते घेऊन धावत सुटली. सगळ्यांना वाटलं, तोडणीला न्यायला कारखान्याची गाडी आली. साळूबाई तर खिडकीशी जागा धरून बसली, शेजारी तिचा पोरगा सहादेव.

"मावशी, ही तोडणीची गाडी न्हाई. फकस्त पोरं न्यायचीत, शिकायला," श्रीमंत हात जोडून म्हणाला.

"मंग ऊस कशाला काढला, मुडद्या?"

माणसं चडफडत उतरू लागली. सहादेव मात्र हलेना. त्याला शिकायचं होतं. पण तोडणीला माणसं जोडीनं घेतात, दोघांचा मिळून एक कोयता. साळूबाई विधवा. सहादेव गेला की ती अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम गाडीत चढू देत नाही. सहादेवने आईकडे बघायचं टाळलं.

साळूबाईने खिडकीतून गोजरबाईला हाक मारली. तिलाही नवरा नव्हता.

"तुजा कानिफनाथ बी जातो म्हनतोय ना?"

"म्हनतोय. मी न्हाई म्हनलं."

"व्हय म्हन. तू आन् मी, एक कोयता."

"दोन बायांचा? मोळ्या ट्रकात कोन चढवंल?"

"आपुनच."

साळूबाई बोचकं घेऊन उठली. मागोमाग सहादेव उठायला लागला, तशी म्हणाली, "तू उठायचं न्हाई."

कानिफनाथ त्याच्या शेजारी येऊन बसला. बस निघाली. मागे धुळीत साळूबाई मान ताठ करून उभी होती, आणि गोजरबाई तिच्या डोक्यावर एकावर एक बोचकी ठेवून बघत होती, पेलतंय का ते.